करार सात, नोकऱ्या दोन: रसायनशास्त्राच्या विभागाने कंपनीकडे नेमकं काय मागावं?

प्रश्न असा आहे: "आमचं तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. चालतं. एमआयडीसी २५ किलोमीटरवर. गेल्या तीन वर्षांत सात कंपन्यांशी सामंजस्य करार केले. तरी एम.एस्सी.च्या २४ मुलांपैकी कंपनीत लागली फक्त दोन. ओजेटीसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठीसुद्धा कंपन्या मुलं घ्यायला तयार नसतात. आमचं कुठे चुकतंय? आणि एक प्रशिक्षण संस्था 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा करार करू म्हणते, तो करावा का?"

आधी मी कुठून बोलते ते सांगते. बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) ११ वर्षं काढली आणि त्यानंतर आजवर महाविद्यालयात शिकवते आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. माझा अनुभव औषध आणि रसायन कारखान्यांचा आहे, तेव्हा उत्तराचा कल तिकडेच राहणार.

तुमचा प्रश्न करारांचा नाहीच. ते सात करार कोणी कोणाशी केले ते आठवून बघा. प्राचार्य आणि कंपनीचा एचआर मॅनेजर, मध्ये पुष्पगुच्छ, मागे बॅनर. एचआरला तुमच्याकडून काही नको असतं. त्याच्या टेबलावर बायोडेटाचा गठ्ठा आधीच पडलेला असतो. तुमची मुलं घेतली काय, न घेतली काय, त्याचं काहीच अडत नाही. अडतं ते क्यूसीच्या हेडचं आणि प्रॉडक्शनच्या शिफ्ट इन्चार्जचं. नवीन मुलगा आला की पहिले चार-सहा महिने त्याच्या प्रत्येक कामावर दुसऱ्या कोणाला तरी नजर ठेवावी लागते. हे चार-सहा महिने महाविद्यालयाने कमी करून दिले तर कंपनी तुमच्याकडे आपणहून येते. त्याशिवाय करार हा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलीतला कागदच राहतो.

हे मला कळलं ते एका क्यूसी हेडच्या केबिनमध्ये. मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते आणि मोठ्या आत्मविश्वासाने आमच्या मुलांचे बायोडेटा घेऊन गेले होते. पुढे केलेल्या कागदांना त्यांनी हातही लावला नाही. कपाटातून एक जुनी वही काढली आणि एक पान समोर धरलं. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचं अक्षर. वजनाच्या रकान्यात एक आकडा पांढऱ्या शाईने झाकून वर दुसरा लिहिलेला. ते म्हणाले, "मॅडम, मुलगा हुशार आहे. पण हे त्याला तुमच्याकडून आलंय. आमच्याकडे व्हाइटनर मिळतच नाही, त्याने स्वतःच्या खिशातून आणलं होतं."

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं. कारण ते खरं होतं.

आपल्या प्रॅक्टिकलला काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची ताकद मोजणं. एक पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, मग सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग. पहिली बॅच बाहेर पडते तेव्हा दुसरी बॅच दारात उभी असते आणि विचारते, "किती आलं रे?" "१०.२." संपलं. आता दुसऱ्या बॅचच्या वीसही जर्नलांत १०.२, १०.२, १०.२. एखाद्या प्रामाणिक पोरीला १०.६ येतं, ती घाबरते, मॅडम ओरडतील म्हणून तीही १०.२ लिहिते. आपण ते जर्नल तपासतो, लाल पेनाने बरोबरची खूण करतो, सर्टिफाइड म्हणून सही ठोकतो. म्हणजे तीन किंवा पाच वर्षं आपण त्या पोरांना एकच कौशल्य मन लावून शिकवतो: रीडिंग जुळवणं. आणि औषध कारखान्यात ज्या एका गोष्टीसाठी माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करतात, ती हीच.

तिथला नियम साधा आहे. जे केलं ते, ज्याने केलं त्याने, केलं त्याच वेळी, पेनाने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. कच्च्या कागदावर लिहून नंतर वहीत 'फेअर' करायचं नाही. निकाल मर्यादेच्या बाहेर गेला तर तो लपवायचा नाही, वर कळवायचा. मग चौकशी होते. परदेशी ऑडिटर आला की तो आधी वह्या मागतो, यंत्रं नंतर बघतो. आपल्याकडेही २०२३च्या शेवटी सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध निर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम, अधिसूचित झालं, त्यामुळे निर्यात न करणाऱ्या लहान कारखान्यांनाही नोंदींची ही शिस्त आता टाळता येत नाही. यासाठी लागणारी माणसं त्यांना हवी आहेत. आणि हे शिकवायला एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, लागत नाही. ब्युरेट आणि वही पुरते.

आम्ही काय केलं ते सांगते. एकाच ताकदीच्या द्रावणाऐवजी पाच वेगवेगळ्या ताकदीची द्रावणं केली, बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक टाकले. शेजाऱ्याचं रीडिंग विचारून उपयोग नाही, कारण त्याची बाटली वेगळी. आमचे प्रयोगशाळा सहायक पहिला महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. एका बाटलीचं काम पाचपट झालं होतं. मग मीच सकाळी अर्धा तास लवकर यायला लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दुसरं, पेन्सिल बंद. जर्नलची सुटी पानं बंद, बांधलेली आणि पानांवर क्रमांक छापलेली वही. तिसरं, आणि हे विभागात पटवायला सर्वांत जड गेलं, निम्मे गुण नोंदीला. रीडिंग चुकलं पण नोंद खरी असेल आणि का चुकलं याचा अंदाज लिहिला असेल तर गुण मिळतात. रीडिंग बरोबर पण खाडाखोड असेल तर गुण जातात. एक सहकारी म्हणाले, "मग केमिस्ट्री कुठे राहिली?" मी म्हटलं, वजन बरोबर पण लिहिलेलं खोटं, ही केमिस्ट्री तरी कुठे आहे.

संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही हे मला मान्य आहे. पण वरचं काहीच अभ्यासक्रमात येत नाही, प्रॅक्टिकल कसं घ्यायचं यात येतं. तुम्ही स्वायत्त असाल तर अभ्यास मंडळावर उद्योगाचा एक प्रतिनिधी घ्यावाच लागतो. तिथे कंपनीचे डायरेक्टर घेऊ नका. ते सत्काराला येतात, बैठकीला नाही. क्यूसीतला दहा-बारा वर्षं मुरलेला माणूस घ्या.

वर्षभराने त्याच क्यूसी हेडना मी मुलाखतीला बोलावलं, नोकरी द्यायला नव्हे, नुसतं मुलांना विचारायला. त्यांनी एकच प्रश्न सगळ्यांना विचारला. "बफर करतोयस. पीएच ६.८ हवाय. ॲसिड घालता घालता ६.६ वर गेला. काय करशील?" बहुतेकांनी सांगितलं, थोडा अल्कली घालून वर आणू. पुस्तकी दृष्टीने पीएच येईलही. पण त्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, आता पद्धतीत न लिहिलेलं जास्तीचं मीठ आहे, आणि एचपीएलसीच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) पीक, म्हणजे आलेखातलं त्या घटकाचं शिखर, कुठे सरकेल ते सांगता येत नाही. एक मुलगी म्हणाली, "ओतून देईन, नवीन करीन, आणि ओतून दिला हे वहीत लिहीन." त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती आता त्याच कारखान्यात रिव्ह्यूअर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या वह्या तपासते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या २५ किलोमीटरमध्ये नक्की कोणते कारखाने आहेत? लोटे किंवा महाड असेल तर रसायनं आणि बल्क ड्रग. तारापूर, कुरकुंभ साधारण तसंच. पण शेजारी साखर कारखाना आणि डिस्टिलरी असेल तर माझी बरीचशी उदाहरणं बदलतील. तिथे ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचं प्रमाण), मोलॅसिसची शुद्धता, आणि गाळप चालू असताना रात्रंदिवस ठरावीक तासांनी नमुने. तिथली अडचण वेगळीच: एम.एस्सी.ची ओजेटी दुसऱ्या सत्रात येते, म्हणजे जानेवारीनंतर, आणि गाळप उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतं. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मुलं पाठवली नाहीत तर ती बंद कारखान्यात बसतील. दूध संघ, पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, फळप्रक्रिया, हेही उद्योगच आहेत. तालुक्याच्या विभागांना ते कमी दर्जाचे का वाटतात मला कळलेलं नाही. मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आजची आयसीटी, सुरू झाला तेव्हा गावात कापड गिरण्या होत्या आणि म्हणून सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत वस्त्र रसायनशास्त्र होतं. शेजाऱ्याला काय लागतं इथूनच त्यांनीही सुरुवात केली.

कंपनीकडे काय मागायचं यातही आपण चुकतो. आपण यंत्र मागतो. आम्हीही मागितलं आणि मिळालंही, एक जुनं एचपीएलसी, हार घालून. दीड वर्षात डिटेक्टरचा दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत आमच्या वर्षाच्या रसायनांच्या बजेटच्या निम्मी. सर्व्हिसचा करार नव्हता. मग तीन वर्षं ते फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून होतं आणि नॅकची समिती आली की कापड निघायचं. यंत्र घेऊ नका असं नाही, पण दिवा, सील आणि सर्व्हिसचा खर्च कोण देणार हे ठरल्याशिवाय घेऊ नका.

त्यापेक्षा हे मागा: उत्पादनाचं आणि बॅचचं नाव झाकलेले जुने क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख), चांगले आणि बिघडलेले दोन्ही. पीक दुभंगलेला, बेसलाइन सरकलेली, हवेचा बुडबुडा अडकलेला. यांची वीस पानं हातात असली की यंत्र नसतानाही वर्गात 'इथे काय झालं असेल' हे पंधरा दिवस शिकवता येतं. वापरून झालेले कॉलम मागा. आणि महिन्यातून एकदा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दोन तास येणारा एक माणूस मागा. यूजीसीच्या २०२२च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजनेत १५ वर्षांच्या अनुभवाची माणसं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात, पण आपल्यासारख्या ठिकाणी जिथे नेहमीचीच पदं भरलेली नाहीत तिथे मी त्या वाटेला गेले नाही. येण्याजाण्याचं पेट्रोल, मानधन आणि वेळेवर सुरू होणारं व्याख्यान, एवढ्यावर माणसं येतात. वेळेवर सुरू होणारं हे महत्त्वाचं. एका पाहुण्याला आम्ही दीपप्रज्वलनासाठी पाऊण तास थांबवलं होतं. ते परत आले नाहीत.

ओजेटीबद्दल थोडं सविस्तर. चार क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. कंपन्या नाही म्हणतात त्याची कारणं तीन असतात आणि तिन्ही रास्त आहेत. अपघाताची भीती, ऑडिट, आणि गुप्तता. म्हणून विचारायला जाताना हात हलवत जाऊ नका. मुलांचा सामूहिक अपघात विमा काढलेला असावा. सुरक्षेचे बूट, गॉगल, ॲप्रन आपले असावेत. गुप्ततेच्या पत्रावर मुलाची आणि विभागप्रमुखाची सही असावी. 'ऑडिटच्या आठवड्यात आमची मुलं येणार नाहीत' हे आपणच पत्रात लिहावं. हे वाक्य वाचून एका प्लँट हेडने मला विचारलं होतं की मॅडम तुम्ही आधी कुठे होता. एका वेळी दोनच मुलं पाठवा. चोवीस मुलांची यादी घेऊन गेलात तर 'नाही'च ऐकायला मिळेल. बारा ठिकाणी दोन-दोन मागितलीत तर सहा-सात ठिकाणी तरी हो मिळतं.

यात वाईट अनुभवही येणार. एका ठिकाणी आमच्या दोन मुलांना सगळे दिवस लेबल लावायला बसवलं होतं. मुलं तक्रार करत नाहीत, कारण प्रमाणपत्र तिथूनच यायचं असतं. तेव्हापासून मी दर शनिवारी रोजनिशी बघते: आज काय केलं, कोणाबरोबर केलं, काय कळलं नाही. दोन आठवडे सलग 'बाटल्या धुतल्या' आलं की मी फोन करते. एक आठवडा धुतल्या तर करत नाही. काचेची भांडी कशी धुतात, शेवटचं पाणी कोणतं, कोरडी कशी करतात, हे न कळणाऱ्याच्या हातून पुढे भलतेच पीक येतात. दुसरा प्रकार म्हणजे पैसे घेऊन १२० तासांचं प्रमाणपत्र देणारे. मुलं शोधून काढतात, पालकही पैसे देतात. असं प्रमाणपत्र आम्ही एकदा नाकारलं, त्यावरून गावात आठवडाभर बोलणी खाल्ली, आणि त्या मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत तेच १२० तास पूर्ण करायला लावले.

पदवीनंतरच्या ॲप्रेंटिसशिपकडे मात्र आपले विभाग बघतच नाहीत. १९६१च्या कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात आपला विज्ञान पदवीधर बसतो. २०१९च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होतं आणि राष्ट्रीय योजनेत किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. आजचा दर ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. राज्याची २०२४पासूनची युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० ठरले होते. कंपनीत जाताना हे कागद तुमच्या हातात हवेत. अनेक लहान कारखानदारांना पोर्टलवर नोंदणी कशी करायची तेच माहीत नसतं. आम्ही आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कला ते शिकवलं आणि तीन कारखान्यांची नोंदणी करून दिली. सात करारांनी जे झालं नाही ते या एका क्लार्कने करून दाखवलं.

मुलांशीही एकदा स्पष्ट बोला. प्रत्येकाला आर अँड डी हवं असतं, नाहीतर एसीतलं क्यूसी. प्रॉडक्शन म्हटलं की तोंडं वाकडी होतात, कारण तीन शिफ्ट, वास, हेल्मेट. पण जागा तिथे जास्त आहेत. शिवाय औषध निर्मितीच्या नियमांत, रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला उत्पादनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव झाला की सक्षम तांत्रिक व्यक्ती म्हणून मान्यता मिळण्याची सोय आहे. जाहिरातीत 'एफडीए अ‍ॅप्रूव्हड' लिहितात ते हेच. ती मान्यता मिळाली की माणसाचा भाव बदलतो. हे ऐकल्यावर तोंडं थोडी सरळ होतात.

आणि नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं आहे ते बघायला शिकवा. काम कंपनीत, पण पगार कंत्राटदाराकडून, असं सर्रास असतं. पहिली नोकरी म्हणून घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण अनुभवाचं पत्र कोण देणार हे पहिल्या दिवशी विचारलंच पाहिजे.

मुलींबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तुमच्या २४ जणांत निम्म्याहून जास्त मुलीच असतील अशी माझी पैज आहे. कंपनी नाही म्हणायच्या आत त्यांचं घर नाही म्हणतं. आमच्याकडे यावर एकच गोष्ट चालली: पालकांना कारखाना दाखवणं. एका शनिवारी अकरा पालक मिनीबसमधून नेले. क्यूसीत काम करणाऱ्या बायका, कंपनीची बस, जनरल शिफ्टची सुटायची वेळ, डबा खायची खोली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. एका वडिलांनी तर स्वच्छतागृहाचं दार उघडून बघितलं. मला ते आवडलं. परतीच्या वाटेवर तेच म्हणाले, पोरीला एक वर्ष पाठवतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्यांकडे मागच्या वर्षीच्या वीस मुलांची नावं आणि ती आज कुठे आहेत याची यादी मागा. जाहिरातीतले फोटो नकोत. त्यातल्या पाच जणांना फोन करा आणि विचारा, तिथेच आहेस का अजून, आणि फी कोणी भरली. यादी मिळाली नाही तर करार करू नका, मुलांकडून फी घ्यायची असेल तर मुळीच नको. तीच यादी तुमच्या त्या दोन मुलांपासून तुम्ही स्वतःही सुरू करा. एक वर्षाने ती तिथेच आहेत का ते बघा, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाला घेऊन त्याच्या क्यूसी हेडला भेटायला जा. बायोडेटा नेऊ नका, तुमच्या प्रॅक्टिकलची वही न्या. आणि तुमच्या एमआयडीसीत कोणते कारखाने आहेत ते इथे लिहा, म्हणजे मला जरा नेमकं सांगता येईल.